आत्याबाईंचं कवच

रेणुका हिवाळे माझ्या खोलीत आली तेव्हा मी डबा उघडून बसले होते. दोडक्याची भाजी होती आणि ती मला आवडत नाही, त्यामुळे मी आधीच वैतागलेली होते. तिनं दारातूनच विचारलं, "ताई, येऊ का?" आणि आत येऊन पंधरा-सोळा पानांचा एक पेपर टेबलाच्या कडेला, भाजीपासून लांब ठेवला. त्याच्यावर निळा कागद टाचलेला होता.

"सरांनी तुमच्याकडंच द्यायला सांगितलंय," ती म्हणाली. "आत्याबाईंचं आहे."

"काय आहे आत्याबाईंचं?"

"कवच दिसायलंय, ताई."

माझा घास हातातच राहिला.  रेणुकानं जाताना दार हलकेच ओढून घेतलं. मी तसाच डबा बंद केला आणि संध्याकाळी घरी जाऊन ती भाजी सांडून टाकली.

आत्याबाई म्हणजे एक तारा. त्याचं खरं नाव मोटारीच्या नंबरासारखं आहे, ते कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून आमच्या गटानं हे नाव ठेवलेलं. खरं तर ती जोडी आहे. एक तारा फुगलेला, म्हातारा, आणि दुसरा लहानसा, पण भलताच जड. हा लहान तारा मोठ्याच्या अंगावरचा वायू ओढून घेतो, ओढून घेतो, आणि पुरेसा साठला की भडका उडतो. बाकीचे असे तारे हजारो वर्षांतून एकदा भडकतात. ही आमची बाई दर वीस-बावीस वर्षांनी भडकते, आजूबाजूला वायू भिरकावते आणि पुन्हा काही झालंच नाही अशी बसते. माझी एक आत्या अगदी अशीच होती, तिच्यावरून नाव पडलं.

आता दर भडक्याला वायू बाहेर फेकला जात असेल, तर ताऱ्याभोवती त्याचं एक कवच असायला हवं. नवा वायू जुन्यावर आदळून इतका तापतो, की त्यातून क्ष-किरण निघावेत. क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे अवकाशातल्या दुर्बिणीवर वेळ मागावा लागतो, आणि तो सहजासहजी मिळत नाही. मला तो दोन हजार साली मिळाला, नव्वद हजार सेकंद. तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. सात महिने खपून मी जगाला सांगितलं, की कवच नाही. त्यानंतर या ताऱ्यावर कुणीही काहीही लिहिलं, तरी एक वाक्य त्यात असायचंच: निगुडकर यांना कवच आढळले नाही. लोक शोध लावून नाव मिळवतात, मी 'नाही' म्हणून मिळवलं होतं. आमचे गटप्रमुख घैसास सर चेष्टेनं म्हणायचे, "काय वासंतीबाई, आत्याबाईंना मिशा फुटल्या का?" आणि मी म्हणायची, "नाही सर, अजून आत्याबाईच आहेत."

नऊ वर्षं हा विनोद चालला. आता कालची आलेली एक मुलगी सांगत होती, की मिशा आहेत.

रेणुका परळीजवळच्या गावची. दोन वर्षांच्या नेमणुकीवर आली होती. त्या मार्चमध्ये तिची मुदत संपत होती, आणि तीन वर्षं वाढवून मिळणार की नाही, हे या पेपरवर ठरणार होतं. ती आली तेव्हा तिला क्ष-किरणांची निरीक्षणं कशी हाताळतात ते मीच शिकवलं. माझा स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तिला दिला, इतर कुणाला दिला नव्हता. ती मला ताई म्हणायची, दिवाळीनंतर शेंगदाण्याची चटणी आणायची, आणि पहिल्या वर्षी मला ती खरंच आवडायची. मग घैसास सर चहाचा कप घेऊन माझ्या खोलीऐवजी तिच्या खोलीत जायला लागले. भिंतीपलीकडून दोघांचं हसणं ऐकू यायचं. मी बेचाळीस वर्षांची बाई, कान देऊन ऐकायची, आणि काही कळलं नाही म्हणजे आणखीच जळायची. हेवा म्हणतात तो हाच, दुसरं नाव शोधण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे पद्धत अशी होती, की कुठलाही पेपर बाहेर पाठवण्याआधी गटातल्या एका माणसानं तो आठ दिवस चाळायचा. त्याला आम्ही चाळणीच म्हणायचो. चाळणाऱ्यानं चुका चिठ्ठीवर लिहून परस्पर द्यायच्या नाहीत. गुरुवारी तीन वाजता सगळे चहाला जमले, की तिथं उभं राहून सांगायच्या, आणि पेपर पटला असेल तर निळ्या कागदावर सही करायची. सही नाही, तर पेपर परत. घैसास सर म्हणायचे, बाहेरच्यांनी कपडे फाडण्यापेक्षा घरच्यांनी फाडलेले बरे.

मी पहिले दोन दिवस पेपर नुसता वाचला. चांगला होता. त्यामुळे आणखी त्रास झाला. रेणुकानं नवं निरीक्षण मिळवलं होतं, साठ हजार सेकंदांचं, आणि त्यात ताऱ्याभोवती अगदी मंद अशी एक कडी तिनं दाखवली होती. मी तिची सगळी गणितं पुन्हा केली. दुर्बिणीच्या आरशांमुळे ताऱ्याचाच प्रकाश पसरून कडीसारखा दिसतो का, तेही पाहिलं. दिसत नव्हता. तिसऱ्या दिवशी मला हवं ते सापडलं.

पेपरच्या बाराव्या पानावर एक वाक्य होतं. दोन हजार सालच्या निरीक्षणात कवच का दिसलं नाही, याचं कारण तिनं दिलं होतं: त्या वेळी सूर्यावरच्या वादळामुळे निरीक्षणाचा बराचसा वेळ वाया गेला असावा. असावा! सूर्यावर वादळ झालं की दुर्बिणीवर कणांचा मारा होतो, आणि तेवढा वेळ कापून टाकावा लागतो, हे खरं. पण त्या निरीक्षणातला वेळ मी माझ्या हातानं कापला होता. नव्वद हजारांतले जेमतेम सहा हजार सेकंद गेले होते. उरलेला वेळ तिच्या साठ हजारांपेक्षा जास्त होता. म्हणजे हे वाक्य धादांत खोटं होतं, आणि रेणुकासारख्या मुलीला ते माहीत नसणं शक्य नव्हतं.

मला इतका आनंद झाला, की मी उठून कँटीनमध्ये गेले आणि एकटीनं दोन प्लेट साबुदाणा वडे खाल्ले.

आता पुरावा हवा होता. पेपर चाळायला दिला, की त्यामागचं सगळं सामानही चाळणाऱ्याला द्यायची पद्धत होती, तिच्या कामाचं फोल्डर माझ्या मशीनवर उघडत होतं. तिनं माझ्या जुन्या निरीक्षणाचं काय केलं, ते बघायला मी आत शिरले. तिथं माझाच प्रोग्रॅम होता. सगळा जसाच्या तसा, माझ्या जुन्या टिपणांसकट. फक्त एक ओळ बदललेली होती.

ही ओळ समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आकाशात सगळीकडूनच थोडे थोडे क्ष-किरण झिरपत असतात. ताऱ्याचे खरे किती, हे कळायला आधी हा झिरपा मोजून वजा करावा लागतो. त्यासाठी चित्रातली एखादी रिकामी जागा निवडतात. बहुतेक जण ताऱ्याभोवतीच एक कडी आखतात, कारण ताऱ्याच्या जितकं जवळ तितका झिरपा सारखा. मीही कडी आखली होती. तिच्यातले क्ष-किरण मोजले, वजा केले, आणि पाहिलं, तर ताऱ्याभोवती काहीच उरत नव्हतं. उरणार कसं? रिकामी जागा म्हणून मी धरली होती तिथंच ते कवच होतं. पातेल्याचं वजन करताना आतली सायही त्यात धरावी, आणि मग दुधाला साय आली नाही म्हणून सांगत फिरावं, तसं मी केलं होतं. काखेत कळसा घेऊन नऊ वर्षं गावाला वळसा.

रेणुकानं माझी कडी काढून चित्राच्या पार कोपऱ्यातली जागा घेतली होती. त्या ओळीच्या वर तिनं स्वतःसाठी टिपण लिहिलं होतं: इथं ताईंची कडी होती. कोपरा घेतला. कवच दिसतंय, जुन्यातही. ताईंना कसं सांगायचं?

खाली तारीख होती. आठ महिन्यांपूर्वीची.

त्याच फोल्डरमध्ये चित्र होतं. माझे दोन हजार सालचे क्ष-किरण, माझे नव्वद हजार सेकंद, आणि त्यात ताऱ्याभोवती स्वच्छ कडी. तिच्या नव्या चित्रातल्या कडीपेक्षा लहान. म्हणजे दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, की कवच नऊ वर्षांत फुगलेलं दिसत होतं. नुसतं कवच दिसणं ही एक गोष्ट, फुगताना दिसणं ही त्याच्या दसपट मोठी. असा पुरावा हातात असताना तिनं तो पेपरमधून काढून टाकला होता. का, तर तो दाखवला असता, म्हणजे निगुडकरबाईंना नऊ वर्षांपूर्वी दिसायला हवं होतं ते दिसलं नाही, हेही दिसलं असतं. म्हणून तिनं सूर्यावर वादळ आणलं होतं.

एखाद्या चांगल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही कोण माझ्यावर उपकार करणार? आठ महिने ती माझ्यासमोर बसून जेवली, मला चटणी वाढली, घैसास सरांनी मिशांचा विनोद केला तेव्हा सगळ्यांबरोबर हसली, आणि सगळा वेळ तिला माहीत होतं. तिनं कवच शोधलं हे मी कसंबसं गिळलं असतं. पण ती माझ्यापेक्षा मनानंही मोठी, हे मला गिळता येईना.

गुरुवारपर्यंत मी काय करायचं ते ठरवलं होतं. चूक माझी असली, तरी वाक्य तिचं खोटं होतं. मी फक्त त्या वाक्यावर बोट ठेवायचं. ती खरं कारण सांगणार नाही, याची मला खात्री होती, मग पेपर परत जाणार. मार्च तीन आठवड्यांवर होता.

तीन वाजता सगळे जमले. आम्ही नऊ जण होतो. खिडकीतून उन्हात तापलेली टेकडी दिसत होती, टेबलावर चहाची किटली आणि खारी. रेणुका माझ्या समोर बसली होती, निळा कुर्ता, वहीवर पेन आडवं ठेवलेलं. मी उभी राहिले. आधी पेपरचं कौतुक केलं, मग बारावं पान उघडलं.

"रेणुका, दोन हजार सालच्या निरीक्षणात सूर्याच्या वादळानं किती वेळ गेला?"

 तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं, की मी फोल्डर पाहिलंय. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. घैसास सरांनी कप खाली ठेवला.

"सहा हजार सेकंद," ती म्हणाली.

"मग हे वाक्य?"

"ते चुकलंय, ताई. काढून टाकते."

"वाक्य काढलं तरी प्रश्न राहतोच," घैसास सर म्हणाले. "तुला साठ हजारांत दिसतंय, आणि हिला त्याहून जास्त वेळ मिळून दिसलं नाही. का?"

आता तिनं एवढंच सांगायचं होतं, की ताईंची कडी चुकली. एका वाक्याचं काम होतं. तीन वर्षांची नोकरी होती त्या वाक्यात. रेणुका वहीकडे बघत म्हणाली, "माझंच काहीतरी राहिलं असेल, सर. पेपर परत घेते. मी पुन्हा बघते सगळं."

सगळे तिच्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. ती मात्र शांत होती. मी जिंकले होते, आणि ती समोर बसून मला जिंकू देत होती. त्या खोलीत कुणाला कळत नव्हतं, पण तिला कळत होतं आणि मला कळत होतं, की आयुष्यभर आता मी तिची मिंधी. मी निळा कागद हातात धरून उभी होते. मला ते सहन होईना.

"तिचं काही राहिलेलं नाही," मी म्हणाले. "माझी कडी चुकली होती."

मग मी सगळं सांगितलं. फळ्यावर तारा काढला, कडी काढली, कवच काढलं. माझ्या जुन्या निरीक्षणातलं चित्र छापून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. ते का छापून आणलं होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आणि एवढ्यावर मी थांबले नाही. रेणुकाला हे आठ महिन्यांपासून माहीत होतं, हेही सांगितलं. माझी लाज राखायला तिनं इतकं मोलाचं निरीक्षण दडवलं आणि पेपरमध्ये खोटं कारण लिहिलं, हेही सांगितलं. मी शांतपणे बोलत होते. माझा आवाज किती समजूतदार येतोय, हे मला ऐकू येत होतं.

 मग घैसास सर उठले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, पस्तीस वर्षांत मी असं पाहिलं नाही, स्वतःच्या नावाचा पेपर स्वतःच्या हातानं फाडायला छाती लागते. मग ते रेणुकाकडे वळले, तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. कुणाच्याही मानापानासाठी निरीक्षण दडवायचं नसतं, हे त्यांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, असंही म्हणाले. ती "हो सर" म्हणाली. मी निळ्या कागदावर सही केली.

चहा संपल्यावर ती मला जिन्याशी गाठून म्हणाली, "ताई, एक मिनिट."

मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"मी खोटं लिहिलं, ते चुकलंच," ती म्हणाली. "सर बोलले ते बरोबर बोलले. पण तुम्ही मला खोलीत बोलवून सांगू शकत होतात. दोघींनी मिळून सरांकडं गेलो असतो."

"तू मला सांगितलंस का आठ महिन्यांत?"

"मी तुमच्यासाठी गप होते."

"मी सांगितलं होतं का गप बस म्हणून?"

ती माझ्याकडे बघत राहिली. जिन्यावरून कुणीतरी खाली गेलं, तेवढा वेळ थांबली.

"खरं बोललात, ताई," ती म्हणाली. "पण माझ्यावर चिडून बोललात."

मी जिना उतरून खाली गेले. 

पेपर छापून आला, दोन्ही चित्रांसकट, आणि गाजला. रेणुकाची मुदत वाढली, पण तीन वर्षांऐवजी एकच वर्ष. वर्ष संपल्यावर ती बंगलोरला गेली. निगुडकर यांना कवच आढळले नाही, हे वाक्य हळूहळू सगळीकडून नाहीसं झालं, त्याजागी हिवाळे आलं. माझं मात्र काही नुकसान झालं नाही. उलट निगुडकरबाईंचा प्रामाणिकपणा ही आमच्या संस्थेतली गोष्टच होऊन बसली. नवी मुलं आली, की घैसास सर त्यांना ती सांगायचे, आणि ते गेल्यावर दुसरे कुणी सांगायला लागले. मुलं माझ्याकडे आदरानं बघायची. मी चष्मा पुसत बसायची.

मागच्या महिन्यात रेणुकाला मोठा पुरस्कार मिळाला. समारंभ आमच्याच सभागृहात होता. मला निवृत्त होऊन वर्ष झालंय, तरी पहिल्या रांगेत बसवलं होतं. ती आता पंचेचाळिशीची आहे, केस पुढून पांढरे झालेत. भाषणात तिनं आत्याबाईंची गोष्ट सांगितली. कडी सांगितली, कोपरा सांगितला, बारावं पानही सांगितलं.

"मी आठ महिने एक चूक झाकून ठेवली होती," ती म्हणाली. "मला वाटायचं, माया लावलेल्या माणसासाठी एवढं करावं. त्या दिवशी ताई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि स्वतःची चूक स्वतः बोलल्या. खरं कसं बोलायचं, ते मी त्यांच्याकडून शिकले."

जिन्याशी मला काय म्हणाली होती, ते तिनं सांगितलं नाही. एवढं बोलून तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्या एका नजरेत मला कळलं, की ते ती विसरलेली नाही. सोळा वर्षांनी तिनं पुन्हा माझ्यावर पांघरूण घातलं होतं, आणि या वेळी त्यासाठी एकही खोटं वाक्य वापरलं नव्हतं. कवचाचा हेवा माझ्या मनातून केव्हाच गेलाय. या गोष्टीचा अजून वाटतो.

सभागृह टाळ्या वाजवत होतं. सूत्रसंचालन करणारी मुलगी मला खुणेनं उभं राहायला सांगत होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "उठा ना, निगुडकर मॅडम, सगळे तुमच्याकडे बघतायत." त्या गुरुवारी मला कुणी उठा म्हटलं नव्हतं, तरी मी उभी राहून सगळं बोलले होते. आज अख्खं सभागृह म्हणत होतं, आणि मला उठवेना.